तीनशे अकरा अन् एक

कोष्टीपुरा,
शनिवार, २७ डिसेंबर

भूपेंद्र बाबू,

तू माहा फोन ब्लॉक केला, हे मले चौथ्या दिवशी समजलं. पहिले तीन दिवस मी म्हणत होती, लेकरू निवडणुकीच्या धामधुमीत आहे, उचलत नसन. मग पुष्पाबाईच्या फोनवरून लावला तर पहिल्याच घंटीले "बोला" म्हणाला. माहा आवाज ऐकला अन् कट! एकावन्न वर्षांचा घोडा झाला, तुमसरात ऑफिस टाकून पक्षाचा तालुकाध्यक्ष झाला, अन् बहिणीच्या आवाजाले घाबरते. म्हणून हे पत्र. फाडाचं असन तर फाड, पण फाडाच्या आधी तू वाचशीन. तुही खोड मले माहीत आहे.

आपल्या प्रभागात मतं पडली तीनशे बारा. तुमच्या पक्षाले तीनशे अकरा, समोरच्या आनंदरावले एक. बाप्पा! तीनशे अकरा भेटल्याचा आनंद कोणालेच नाही, त्या एकाचा राग साऱ्याईले. आनंदराव तर राहते बौद्धपुऱ्यात, त्याचं अन् त्याच्या घरच्यांचं मत तिकडच्या प्रभागात. मग आपल्या गल्लीतलं हे एक कोणाचं? तर कौशल्याचं! ना पंचनामा ना साक्षीदार, निकाल तयार.

तुमची मिरवणूक माह्या दारापुढं थांबली. गुलाल दारावर फेकला, चौकटीवर फेकला, आत मागावरच्या कोशाच्या रेशमावर येऊन पडला. निम्मं विणलेलं लुगडं डागी झालं. "गद्दार, गद्दार" म्हणून ओरडत होते, अन् त्यातल्या निम्म्या पोट्ट्याईची बारशाची टोपडी मी शिवली आहे. तू उघड्या जीपमध्ये होता, गळ्यात पक्षाचा दुपट्टा. माय उंबरठ्यावर बसली होती. तिले दिसत नाही, पण त्या गोंधळात तुहा आवाज तिनं बरोबर ओळखला अन् हात वर केला. तू पलीकडच्या घराले हात जोडत राहिला. तिनं हात कितीक वेळ वरच ठेवला होता. शेवटी मीच खाली घेतला.

संशय माह्यावर काहून, ते भैय्यालालनं तुले मीठमसाला लावून सांगितलंच असन. आता माह्या तोंडून ऐक. मतदानाच्या आधीच्या रविवारी त्यानं साऱ्या गल्लीले मंदिरात बोलावलं. मंदिर कमिटीचा अध्यक्ष तो, आता तुमच्या पक्षाचा वॉर्ड अध्यक्ष बी तोच. देवापुढं मागाचा धोटा ठेवला होता. घरागणिक एकानं याचं, धोट्यावर हात ठेवाचा अन् म्हणाचं, "आमच्या घरची सारी मतं पक्षाले." कोष्ट्याच्या जातीले धोट्याची शपथ म्हणजे पोटाची शपथ, हे त्याले बरोबर ठाऊक. तुहे भाऊजी गेल्यापासून घरची कर्ती मीच, म्हणून माहा बी नंबर आला. मी म्हटलं, "भैय्यालालजी, धोटा विणाले असते. मत टाकाले मी जाईन, अन् कोणाले टाकीन ते मशीनले सांगीन." बाया तोंडाले पदर लावून हासल्या. भैय्यालाल नाही हासला.

मतदानाच्या दिवशी तू आला, मायले हाताले धरून बूथात नेलं, तिच्यासाठी सही केली, बटण दाबलं अन् आणून सोडलं. चहा टाकला होता, तो बी न घेता गेला. तवापासून तू गायब.

आता भैय्यालालचा निरोप आला आहे. सोमवारी मंदिरात ये, धोट्यावर हात ठेव अन् साऱ्यांपुढं सांग का मत कोणाले टाकलं. नाही सांगितलं तर गल्लीतलं कोणी तुह्या सुताच्या ताण्याले हात लावणार नाही. मी निरोप आणणाऱ्याले उभ्यानंच सांगितलं, येत नाही म्हणून. अन् तुले बी नाही सांगत. तू भाऊ असशीन, अध्यक्ष असशीन, मत माहं आहे.

माय बरी आहे. रोज विचारते, भूपा आला का.

तुही ताई,
कौशल्या

बुधवार, ७ जानेवारी

बाबू,

उत्तर नाही आलं. येणार नाही, हे मले माहीत होतं. तरी डाकवाल्याची सायकल दिसली का मी उठून पाहते, एवढी मी येडी आहे.

तुले ताणा कसा लागते ते आठवते का? तुमसरच्या मिलांचं भुसकट खाऊन विसरला असशीन, म्हणून सांगते. दहा लुगड्यांचं सूत तयार झालं का ते सकाळी गल्लीत पसराचं, आपल्या दारापासून थेट मंदिराच्या पारापर्यंत. इकडच्या टोकाले दोघं, तिकडच्या टोकाले दोघं, अन् दोघं मधात तांदळाच्या पेजीची खळ घेऊन कुंचल्यानं धागा धागा पाजत जाणार. उन्हं चढाच्या आत झालं पाहिजे, नाही तर धागे एकमेकाले चिकटतात. ताण कमी पडला तर गुंता, जास्त झाला तर तुटते. कोणत्याच घरात सहा माणसं नसतात, म्हणून आज तुह्या घरचा ताणा मी धरीन, उद्या माह्या घरचा तू धर. आपल्या आजीच्या सासूपासून हेच चालत आलं. घरात भांडण असो, सुतक असो, ताण्याले माणूस येतेच. आपले आबाजी अन् भैय्यालालचा बाप सात वर्षं एकमेकासंग बोलत नव्हते, पण ताणा धराले दोघं बी हजर. मुक्यानं धरत अन् मुक्यानं घरी जात.

ते या गल्लीत आता बंद झालं. तुह्या पक्षानं सिमेंटचा रस्ता दिला अन् त्या रस्त्यावर माहा ताणा पडाचा बंद केला.

सोमवारी माहं सूत तयार होतं. खळ शिजवली, सकाळी सहाले दार उघडलं, गल्ली झाडली, सूत टेकवाच्या बांबूच्या कैच्या मांडल्या. कोणी आलं नाही. पुष्पाबाईच्या दाराची फट उघडी होती, आतून तिचा डोळा दिसून राहिला होता. मी आवाज दिला, "पुष्पाबाई, बाहेर ये वो." फट बंद झाली. माहं बाळंतपण जिनं केलं ती ही पुष्पाबाई.

मग मी काय केलं, हसशीन. मायले उठवलं. चौऱ्याऐंशी वर्षांची आंधळी बुडी. तिले टोक दिलं अन् मी दुसऱ्या टोकाले. मधात कुंचला कोणी माराचा? मी टोक दगडाले बांधून धावत जाऊ, दोन हात खळ मारू, पुन्हा धावत येऊ. मायनं टोक सोडलं नाही. "तू मार, मी धरते" म्हणे. नऊ वाजले, ऊन आलं, धागे चिकटले. दहा लुगड्यांचा ताणा रस्त्यावर दोरखंड होऊन पडला.

मी रडली. सांगून ठेवते, म्हणजे दुसऱ्या कोणी सांगितलं तर तुले आनंद नको व्हाले. दार लावून रडली, तोंड धुतलं, अन् पुन्हा सूत भिजत घातलं. मंदिरात मी तरी बी गेली नाही. जाणार नाही.

कौशल्या

शुक्रवार, १६ जानेवारी

बाबू,

आधी एक मजा ऐक. रविवारी तिकडच्या पक्षाची गाडी आली. चार जण उतरले, एकाजवळ मोठा कॅमेरा. हातात त्यांचा दुपट्टा. म्हणे, "मावशी, तुम्ही तर लोकशाहीची वाघीण! हा दुपट्टा घाला, एक फोटो, एक मुलाखत. आमचे पंचवीस कार्यकर्ते येऊन तुमचा ताणा धरतील." मी विचारलं, "माहं मत तुमाले होतं, हे कोणी सांगितलं?" म्हणे, "सारं गावच म्हणते!" मी खळीनं भरलेलं गंज उचललं. वाघीण पाहाची होती ना, पाहिली. गाडी उलटी फिरवाले बी वेळ नाही भेटला, रिव्हर्समध्येच पळाले.

संध्याकाळी आनंदराव एकटा आला. एसटीत कंडक्टर होता ना तो, आता रिटायर आहे. दारातच उभा राहिला. म्हणे, "बाई, त्याईले मी नव्हतं पाठवलं. माह्यापायी तुमाले त्रास झाला, माफी द्या." मी म्हटलं, "बसा, चहा घ्या." मायनं त्याचा आवाज ऐकला अन् खाटेवरून उठून बसली. म्हणे, "आनंदराव का? या." त्यानं मायच्या पायाले हात लावला. मत कोणाचं, हे त्यानं विचारलं नाही. साऱ्या गावात न विचारणारा तो एकच माणूस भेटला मले.

आता तुही गोष्ट. संक्रांतीचं वाण घेऊन मंजुषा आली. तुही बायको तुह्यापेक्षा शहाणी आहे, तिळगूळ बी देते अन् मान बी खाली घालते. तिच्या हातानं तू निरोप पाठवला. मी तिले दोनदा म्हणाले लावला: "ताईले सांग, एकदाचं मंदिरात जा अन् म्हण का पक्षालेच मत दिलं. तिची शपथ खोटी होणार नाही, हे मले माहीत आहे. बाकीचं मी सांभाळून घेतो."

मंजुषा गेली अन् मी सुताच्या कांड्या भरत बसली. हात चालून राहिला होता, पण तुहं ते वाक्य डोक्यात अटकलं. "तिची शपथ खोटी होणार नाही, हे मले माहीत आहे."

काहून रे माहीत आहे? मी तुले सांगितलं नाही. मायले सांगितलं नाही. दामिनी सानगडीहून फोन करते, पोटची पोरगी, तिले बी सांगितलं नाही. बूथात माह्यासंग कोणी नव्हतं. मग तीनशे बारा माणसांतलं ते एक मत माहं नव्हतं, हे तू छातीवर हात ठेवून कसं म्हणते? ते कोणाचं होतं हे माहीत असल्याशिवाय कोणालेच असं म्हणता येत नाही.

मी अडाणी नाही बाबू. सातवी झाली आहे, अन् चाळीस वर्षं धागे मोजले आहेत.

विचार करून उत्तर दे.

कौशल्या

रविवार, १ फेब्रुवारी

भूपा,

हे पत्र डाकेनं नाही पाठवत. मंजुषाच्या हातानं, चिकटवून. तिले शपथ नाही घातली. म्हटलं, वाचजो नको, अन् ती नाही वाचणार.

मी मायले विचारलं नाही. विचारलं असतं तर माह्यात अन् भैय्यालालमध्ये फरक काय राहिला असता? परवा मी तो चिकटलेला ताणा सोडवत बसली होती, निघन तेवढं सूत काढून राहिली होती. माय बाजूले बसली होती. एकदम म्हणे, "कौसा, हे माह्यापायी झालं."

मग तिनं सारं सांगितलं. तू तिचा हात धरून मशीनपुढं उभा केला अन् हळूच म्हणाला, "माय, आपली निशाणी दाबतो." ती म्हणे, "थांब. आनंदरावची कोणती आहे? ती दाब." तू म्हणाला, "माय, असं नको करू ना." ती म्हणे, "मत माहं का तुहं?" तिनं तुह्या हातावर हात ठेवला होता. तुहा हात थंडगार पडला होता म्हणे. मग मशीन वाजली. तिनं विचारलं, "दाबली का मी सांगितली ते?" तू म्हणाला, "हव."

आनंदरावच काहून, ते बी तिनंच सांगितलं. बाकी सारे उमेदवार आले, ते तिच्या डोक्यावरून तुलेच विचारत, "मायचं मत पक्कं ना?" आनंदराव आला तो पायरीवर बसला, तिचा हात हातात घेतला, आपलं नाव सांगितलं अन् विचारलं, "मायबाई, तुमाले काय पाहिजे?" ती म्हणे, "डोळे गेले तवापासून मले कोणी काही विचारलंच नव्हतं." एवढंच. तिले पक्षबिक्ष काही समजत नाही, अन् समजाची गरज बी नाही.

मी म्हटलं, "माय, दीड महिना झाला, मले काहून नाही सांगितलं?" तर म्हणे, "तूच म्हणत होती ना, मत सांगाचं नसते." घ्या! माह्याच धोट्यानं माहाच धागा कापला.

आता तुह्यावर येते. भूपा, तुले लाज वाटली नाही का? तुले पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. जीपमधून तू पाहत होता का गुलाल कोणाच्या दारावर पडून राहिला. बहिणीचा ताणा रस्त्यावर सडला, तुले मंजुषानं सांगितलंच असन. अन् तू काय केलं? निरोप पाठवला, शपथ घे! तुह्या पक्षात तुले विचारलं असतं, "बटण तर तुह्याच बोटानं दाबलं ना?" त्या एका प्रश्नाले भिऊन तू बहिणीले चौकात उभी केली. तीनशे अकरा मतं खिशात घेऊन फिरते अन् एका मताले पळते. तोंडात शेण घालावं अशी गोष्ट केली तू. हे लिहिताना मले राग बी येऊन राहिला अन् रडू बी, पण लिहिणार.

लिहून झालं. आता दुसरं बी लिहिते, कारण ते बी खरं आहे.

मायले दिसत नाही. तू तुमची निशाणी दाबली असती, "हव माय" म्हटलं असतं, तर या दुनियेत कोणाले समजलं नसतं. मायले नाही, मले नाही, देवाले बी बहुतेक नाही. तुहे तीनशे अकराचे तीनशे बारा झाले असते, तुह्या नेत्यानं तुही पाठ थोपटली असती. तू ते नाही केलं. तुहा हात थंडगार पडला, पण बोट मायनं सांगितलं तिथंच गेलं. मायले ते निकाल ऐकला तवा समजलं का लेकानं खोटं नाही केलं. मिरवणुकीच्या दिवशी तिनं हात वर केला होता ना, मले वाटलं तुले बोलावून राहिली. ते बोलावणं नव्हतं, बाबू. आशीर्वाद देऊन राहिली होती ती तुले. अन् तू पलीकडं पाहत होता.

बूथात तू सही केली, ती कशाची होती आठवते? मी तवा तिथंच लाईनीत होती, बूथावरच्या बाईनं वाचून दाखवलं होतं: या मतदाराचं मत मी गुप्त ठेवीन. मग ठेव. मरेपर्यंत ठेव. भैय्यालालले नको सांगू, पक्षाले नको सांगू, मले वाचवाले बी नको सांगू. मी बी सांगणार नाही. त्या बुडीच्या दारावर गुलाल पडाचा असन तर तो माह्याच दारावर पडला तेच बरं, दार एकच आहे.

हिशोब लावला असशीन का मग माहं मत कुठं गेलं. लावला तर लावला. माह्या तोंडून ते निघणार नाही. खरं सांगून सुटत असली तरी नाही, कारण एकदा मी सांगितलं का उद्या पुष्पाबाईले सांगावं लागन, परवा तिच्या सुनेले.

मी फक्त एक मागते. पुढच्या रविवारी, आठ तारखेले, सकाळी सहा वाजता माहा ताणा पुन्हा रस्त्यावर पडणार आहे. दामिनी अन् जावई सानगडीहून येऊन राहिले, ते कुंचले मारतीन. इकडचं टोक मी धरीन, माय संग राहीन. पाराकडचं टोक रिकामं आहे.

दुपट्टा घालून येशीन तरी चालन. टोक धराले दुपट्टा आड येत नाही. कोणी विचारलं, "बहिणीनं शपथ घेतली का?" तर काय म्हणाचं ते तुहं तू ठरव. नाही आला तर मी ते टोक दगडाले बांधीन. दगडाची सवय झाली आहे मले.

कौशल्या

सोमवार, ९ फेब्रुवारी

बाबू,

काल तुह्यासंग बोलणं झालंच नाही. तू तिकडच्या टोकाले, मी इकडच्या, अन् मधात सारी गल्ली. म्हणून हे.

सहाले दहा कमी होते तवा मी दगड आणाले गेली. परत आली तर तू पारापाशी चपला काढून उभा. गाडी कुठं ठेवली होती कोण जाणे, पायीच आला वाटते. दुपट्टा नव्हता. दामिनी "मामा" म्हणून ओरडणार होती, मी तिले चिमटा काढला.

भैय्यालाल बाहेर आला, ते मले दिसलं. तुह्यापाशी गेला. तो काय म्हणाला ते इतक्या लांबून ऐकू नाही आलं, पण तू जे म्हणाला ते साऱ्या गल्लीनं ऐकलं, मुद्दामच मोठ्यानं बोलला असशीन: "तिनं शपथ काहून घ्यावी? मी नाही विचारली, तुम्ही बी विचारू नका. टोक धरता का भैय्यालालजी, एकटाच आहे." भैय्यालाल घरात गेला अन् दार लावलं. त्यानं नागपूरले फोन लावला म्हणे, आज तुह्या पक्षातून तुले नोटीस येणार असं गावात बोलून राहिले. येऊ दे. नोटीस वाचाची अन् घडी करून मायच्या लुगड्याखाली ठेवून द्याची.

पुष्पाबाई साडेसातले आली. तुह्या बाजूले जाऊन टोकाले हात घातला. तिचं तोंड माह्याकडं नव्हतं, पण हात बरोबर होता. तिच्यामागून आणखी दोन घरं उघडली. बाकीची नाही उघडली. नाही तर नाही, सहा माणसं पुरतात.

ताणा मस्त झाला. नऊच्या आत वाळला, एक धागा नाही चिकटला.

अन् एक तुले माहीत नाही ते सांगते. तुले बोलावलं हे मी मायले सांगितलं नव्हतं. म्हटलं, न आला तर बुडीले उगाच आस. तू भैय्यालालले बोलला तवा ती आत तोंड धूत होती; मग माह्यापाशी बसून ताण्यावर तळहात ठेवून होती, ताण पाहाले. थोड्या वेळानं म्हणे, "कौसा, तिकडं भूपा आहे का?"

मी म्हटलं, "तुले कसं समजलं?"

म्हणे, "तो लहानपणापासूनच जास्त ओढते. सांग त्याले, ढील दे म्हणा."

मी ओरडून सांगितलं, "ढील दे!" अन् तू दिली.

पुढच्या निवडणुकीले माय राहिली तर तिले बूथात तूच घेऊन जाजो. ती सांगीन तेच दाबजो. चहा घेऊन जाजो.

तुही ताई,
कौशल्या